कोरडी चिंधी

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, वाघबारशीच्या आदल्या सकाळी, माझा थोरला भाऊ हिरामण बिबट्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या हातातली रायफल चालली नाही. त्याने चाप दोनदा ओढला. दोन्ही वेळा आतली खीळ आपटल्याचा आवाज आला, गोळी सुटली नाही. त्या रायफलच्या साफसफाईचे काम घरात माझ्याकडे होते.

आमचे गाव नंदुरबारकडच्या कोरीटच्या पलीकडे, तापीच्या बाजूला. घरात माणसे चार: वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू; माय; हिरामणभाऊ; आणि मी. रायफल मूळची आबांच्या धाकट्या भावाची, नानाकाकांची. काका गेल्यावर ती परवान्यासह आबांच्या नावावर झाली. एका वेळी एकच काडतूस घेणारी ती बंदूक होती. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा खाली बसायचा, काडतूस आत ढकलायचे, दांडा वर घ्यायचा. ती सागाच्या लांब पेटीत, कांबळ्यावर आडवी ठेवलेली असे. चामड्याच्या खोळीत आबा तिला ठेवू देत नसत. चामडे ओल धरते आणि लोखंड गंजते, असे ते सांगत. पेटीच्या कुलुपाची किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची. आंघोळीला बसताना तेवढी ती काढून खुंटीला अडकवलेली असे.

साफसफाईचे काम आधी भावाकडे होते. पण भावाच्या तळहातांना बारा महिने घाम. त्याने दुपारी धरलेल्या नळीवर सकाळी बोटांचे तांबूस ठसे उमटलेले दिसायचे. आबांनी एकदा ते ठसे मायला दाखवले. "याना हात नही, पखाल शे," ते म्हणाले. मग माझे हात पालथे-उलथे करून पाहिले आणि नळी पुसायचा गज माझ्याकडे दिला. मायला ते आवडले नाही. "पोरले बंदूक पुसाले लावतस. हिनासंगे सासरले बंदूकबी देनी पडी," ती म्हणाली. "देसू," आबा म्हणाले, "सासू धाकमा ऱ्हाई."

कामाची रीत ठरलेली होती. बार काढून बंदूक घरी आली की त्याच दिवशी, जेवणाआधी, नळीतून उकळते पाणी ओतायचे. ठोकळा पाडून मागच्या बाजूने नरसाळे लावायचे आणि नळीचे तोंड खाली बादलीत धरायचे. पहिले पाणी काळे यायचे, नासक्या अंड्यासारखा वास मारायचे. पाणी उकळतेच हवे, म्हणजे नळी इतकी तापते की आतली ओल आपोआप उडून जाते. मग आबांच्या जुन्या धोतराच्या चौकोनी चिंध्या गजाला लावून एकामागून एक घालायच्या. काळी, करडी, पिवळट, पांढरी. पांढरी निघाली की तेल. तेलही घाण्याचे नाही. भुईमुगाचे तेल काही दिवसांत चिकट होते आणि खिळीला धरून ठेवते. आबा नंदुरबारहून शिवणयंत्राचे तेल छोट्या बाटलीत आणत. त्यात भिजवलेली चिंधी नळीतून एकदा घालायची आणि बंदूक पेटीत ठेवायची. पुन्हा बार काढायची वेळ आली की ते तेल आधी पुसून काढायचे, कारण तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी नेम सोडून जाते. दर वेळी शेवटची चिंधी आबा दारातल्या उजेडात धरून पाहत. "चिंधी काय सांगी ऱ्हायनी ते देख," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पुढे बातम्या तपासण्याच्या खुर्चीत बसून मी अनेक वर्षे तेच काम केले.

मला मात्र चिंधी पाहण्याआधी ऐकू यायची. तेलाने भरलेल्या नळीतून चिंधी मुकी जाते. नळी कोरडी असेल तर ती आतल्या पिळांवर, गोळीला फिरवणाऱ्या खाचांवर, घासते आणि बारीक शिटी वाजते. आता माझे कान बरेच गेले आहेत. कुकरची शिटी सुनेला सांगावी लागते. ती दुसरी शिटी मला अजून आठवते तशीच्या तशी ऐकू येते.

त्या वर्षी आश्विनात भुईमूग काढायला आला होता. सातपुड्यातून, मोलगीच्याही वरच्या पाड्यांतून, कामाला कुटुंबे उतरली होती आणि शेतातच राहत होती. दिवसभर ओल्या शेंगांचा वास अंगणात यायचा. संध्याकाळी माय पातेलेभर शेंगा मीठ घालून उकडायची आणि आम्ही त्या भाकरीबरोबर, लसूण-मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचो. जोमा नावाचा पावरा आदिवासी राखणदार दर वर्षी आमच्याकडे यायचा. आपल्या माणसांत तो पावरीत बोलायचा, आमच्याशी तोडक्या अहिराणीत. तो त्याच्या पाड्याचा वाघदेवाचा पुजाराही होता. आमच्याकडे आश्विन वद्य बारशीला गाय-वासराची पूजा होते. डोंगरात त्याच दिवशी वाघाला पूजतात. जोमा मायला चिडवायचा, "वाघ जिले खास तिले तुमी पूजतस, जो खास त्याले आमी पूजतस." माय हसायची आणि त्याला शेंगांची दुसरी ओंजळ द्यायची.

बिबट्याने आधी नाल्याकाठची दोन वासरे नेली. मग शेळ्या. मग आमचा सालदार सुका याची लहान मुलगी खळ्यावरून नाहीशी झाली. ती तिसऱ्या प्रहरी नाल्यात सापडली. सुका त्यानंतर कामावर यायचा, सांगितलेले करायचा, पण जेवणाची भाकरी फडक्यातून सोडायचा आणि तशीच बांधून परत न्यायचा. गावात परवान्याची बंदूक एकच होती. आबांचा नेम वयाने हलला होता, म्हणून बिबट्या मारायला हिरामणभाऊ जाईल असे ठरले.

मायने सरळ विरोध केला नाही. तिने एवढेच म्हटले, की बारस होऊन जाऊ द्या. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. नानाकाकांनी याच बंदुकीने, बारशीच्या तोंडावर, एक बिबट्या मारला होता आणि पुढची बारस यायच्या आत ते तापाने गेले. जोमाचेही म्हणणे मायसारखेच होते. त्या दिवसांत वाघ देवाकडे जायला निघालेला असतो, त्याला अडवू नये. आबा त्याचा मान ठेवून म्हणाले, "देव व्हई तो, जोमा. पन सुकानी पोर खादी त्यानी."

भाऊ जाणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आबांनी पेटी उघडून दिली. मी ओसरीवर फडके पसरले, ठोकळा पाडला, गजाला चिंधी लावली आणि आत घातली. शिटी वाजली.

मी चिंधी बाहेर काढली. ती कोरडी होती. नवरात्रात मी नळीत तेल घालून बंदूक पेटीत ठेवली होती आणि तेव्हापासून पेटी उघडल्याचे मला माहीत नव्हते. मी दुसरी चिंधी घातली, तीही कोरडी. तिला गोडसर, आंबूस वास होता. मी ती आबांकडे नेली.

"आबा, तेल नही शे."

"तू ईसरनी व्हशी."

"नही ईसरनी. मी टाकेल व्हतं. तुमीच चिंधी देखी व्हती."

आबांना आठवले असावे. त्यांनी नळी आभाळाकडे धरून आत डोळा लावला. आत गंज नव्हता, जाळे नव्हते, पीळ स्वच्छ चमकत होते. ते बराच वेळ पाहत राहिले. "पुसेल शे," ते शेवटी म्हणाले, "कोनी बी पुसेल ऱ्हावो. साफ शे ना?" मग मायकडे न पाहता त्यांनी पेटी बंद केली. माय चुलीपुढे शेंगा भाजत होती. तव्यावरचा कालथा थांबला नाही.

दुसऱ्या सकाळी नाल्यावर मी नव्हते. जे झाले ते मी आबांकडून आणि भावाकडून वेगवेगळे ऐकले. दोघांचे जेवढे जुळले तेवढेच लिहिते.

ऊन वर आले होते. बिबट्या नाल्याच्या पलीकडच्या काठावर, पळसाच्या झुडपातून बाहेर आला. अंतर गोफणीचा दगड सहज पोचेल एवढे. भावाने नेम धरला आणि चाप ओढला. खीळ आपटली. बिबट्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. भावाने दांडा हळूच खाली घेतला, तेच काडतूस अंगठ्याने पुन्हा आत दाबले, दांडा वर घेतला आणि दुसऱ्यांदा चाप ओढला. पुन्हा तेच. तेव्हा बिबट्या खाली बसला. पुढचे पाय जुळवून, उंबऱ्यावर मांजर बसते तसा. तो भावाकडे पाहत होता. आबांच्या हातात कुऱ्हाड होती, पण ते मागे होते आणि मध्ये नाला होता. शेतातले पाखरू ओरडत नव्हते, असे दोघेही सांगत. काही वेळाने बिबट्या उठला आणि आला तसा झुडपात गेला. त्याने घाई केली नाही. भाऊ म्हणायचा की त्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याचे हात कोरडे होते.

ते दोघे घरी आले तेव्हा माय अंगणात धान्य पाखडत होती. कोणी काही बोलायच्या आधी, सुपावरची नजर न काढता तिने विचारले, "चालनी नही ना?"

आबा चालता चालता थांबले. "तुले कोनी सांगं?"

"कोनी नही सांगं. मीच बांधी लिधी ती."

मग तिने सगळे सांगितले. आबा आंघोळीला बसले असताना तिने खुंटीवरची किल्ली घेतली होती. बंदूक परसात नेऊन जोमाच्या पुढे ठेवली होती. जोमाने पळसाच्या द्रोणातून मोहाची दारू वाघदेवाचे नाव घेऊन नळीत ओतली. दारू खालून निघून गेली, बरोबर माझे तेलही गेले. बारस होईपर्यंत ती बंदूक वाघावर चालणार नाही, असे त्याने सांगितले होते. बारशीला ती बांधणी सोडून घ्यायची होती.

हिरामणभाऊ कधी मायवर आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला. "आनि त्यानी उडी मारी असती त? मी मरी जातू ना, माय!"

"मरना का तू?"

"त्यानी सोडं म्हनीन!"

"तेच त मी मांगेल व्हतं," माय म्हणाली. "तुन्हा काकाना हाततून वाघ पडना आनि वरीस फिराना पहिले तोबी गया. माले दिर गया ते पुरे शे. पोऱ्याना हातमा ही बंदूक मी जाऊ देवू नही."

आबांनी भावाच्या हातातले काडतूस घेऊन मला दिले. काडतुसाच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी असते, तिच्यावर खीळ आपटली की बार उडतो. त्या टोपीवर दोन खड्डे होते. दोन्ही खोल होते. खीळ अडकली असती, चिकट झाली असती, तर ओरखडा उठला असता, खड्डा पडला नसता. आबांनी खड्ड्यावर नख फिरवले. "ठोका त पक्का शे," ते म्हणाले. दारू खिळीच्या भोकात उतरून तेलाशी मिसळली असेल, असे त्यांनी धरून चालायचे ठरवले आणि मला सगळा ठोकळा सोडवायला सांगितला. मी खीळ काढली, तिची कमान काढली, रॉकेलच्या वाटीत बुडवली, काडीला कापूस गुंडाळून भोक आतून पुसले. नळीतून उकळते पाणी ओतले. कापूस पांढरा निघाला. ठोकळ्यात, खिळीत, भोकात मला काही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी बारस. सकाळी मायने गाय-वासराला ओवाळले, त्यांना गुळाचा घास दिला. दुपारी जोमा आला. आबांनी बंदूक त्याच्या हातात दिली नाही, पण परसात न्यायला मला परवानगी दिली. "तो त्यानं करो, आपन आपलं करं," एवढेच ते म्हणाले. जोमाने बांधावरच्या एका दगडाला शेंदूर लावला, बंदूक त्याच्यापुढे आडवी ठेवायला सांगितली, कोंबडी सोडली आणि द्रोणातून साधे पाणी नळीवर शिंपडले. पावरीत तो काय बोलला ते मला समजले नाही. उठताना तो आबांकडे वळून म्हणाला, "सोडेल शे आते. पन ती पियेल शे, पाटील. वरीसले एक डाव पाजा तिले."

आबा हसले. "माले कोनी पाजत नही, बंदुकले काय पाजू?"

जोमाही हसला. मायच हसली नाही. मी पुन्हा पाणी उकळले, नळी धुतली, कोरडी केली.

त्या संध्याकाळी जेवताना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या आणि उडदाची डाळ. भाऊ म्हणाला की उद्या तोच जाईल. माय ताटावरून उठली आणि पेटीवर जाऊन बसली. आबांनी जेवण पूर्ण केले, हात धुतला, पंच्याला पुसला आणि म्हणाले, "मंग मी जासू." मायने त्यांच्याकडे पाहिले. पोराच्या हातात बंदूक द्यायची नाही, एवढेच ती बोलली होती. ती पेटीवरून उठली. त्या उठण्याचा उल्लेख तिने पुढे आयुष्यात एकदाच केला, आणि तो मी इथे लिहिणार नाही.

सकाळी आबा निघाले. दोन खड्ड्यांचे काडतूस त्यांनी मुद्दाम बरोबर घेतले. बिबट्या दिसायच्या आधी ते बांधावरच्या लिंबावर उडवून पाहायचे आणि खरे काय ते कळून घ्यायचे, असा त्यांचा विचार होता. पण ते बंदुकीत घालून नाल्याच्या वळणावर आले आणि बिबट्या समोरच होता, त्याच काठावर. काडतूस बदलायला वेळ नव्हता. त्यांनी चाप ओढला आणि तेच काडतूस पहिल्या ठोक्याला उडाले. बिबट्या जागेवर पडला. सुका मागून चालत होता. त्याने जवळ जाऊन पाहिले आणि खाली बसला. त्या दुपारी तो आमच्या ओसरीवर जेवला.

मी नळीतून पाणी ओतले. ते काळे आले. चिंध्या काळी, करडी, पिवळट, पांढरी अशा निघाल्या. तेल घातले. चिंधी मुकी गेली.

पुढच्या पावसाळ्यात आबांना ताप भरला. नंदुरबारचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. पोळ्याच्या सुमारास आबा गेले.

परवाना आबांच्या नावावर असल्यामुळे बंदूक ठाण्यात जमा करायची होती. तेरावा झाल्यावर मामा मायला लोणखेड्याला घेऊन गेले होते आणि ती दिवाळीपर्यंत तिथेच राहणार होती. जोमा त्या वर्षी डोंगरातून उतरला नाही. मोलगीच्या बाजारातून आलेल्या माणसांना भावाने विचारले, त्यांनाही काही माहीत नव्हते. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला होती. ती मी आंघोळीलाही काढत नसे.

जायच्या सकाळी मी बंदूक ओसरीवर घेतली. भाऊ समोर बसला होता. ठेवणीत किती दिवस पडून राहील सांगता येत नव्हते, म्हणून मी जुने तेल पुसून नवे भरपूर घातले. तेलाची चिंधी मुकी गेली. भावाने ती उजेडात धरून पाहिली, आबा पाहत तशी. मग पेटीला कुलूप लावले आणि आम्ही बैलगाडीत बसलो. पेटी माझ्या मांडीवर होती. ती गाडीतून उतरेपर्यंत खाली ठेवली नाही. त्या दिवशी बारस होती; वाटेतल्या प्रत्येक गावात बाया गाय-वासरांना ओवाळत होत्या.

ठाण्यातला जमादार वयस्क आणि कामाला पक्का होता. त्याने नंबर ताडून पाहिला, ठोकळा पाडला, नळीत काडतूस नसल्याची खात्री केली. मग कपाटातून स्वतःचा गज काढला, त्याला स्वतःची चिंधी लावली आणि नळीत घातली. बारीक शिटी वाजली.

त्याने चिंधी बाहेर काढून पाहिली. ती कोरडी होती. भावाने माझ्याकडे पाहिले. जमादाराने चिंधी नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि भावाला विचारले, "घरात मोहाची कोण पितं?"

आमच्या घरात कोणीही पीत नव्हते.